सहा तासांची मावशी

नोटिशीची वही सातवी 'ब'वर दुसऱ्या तासाला आली. गणिताच्या मॅडम फळ्यावर अपूर्णांकांचा भागाकार शिकवत होत्या. दारात तळमजल्याचे शिपाईदादा उभे होते, वही छातीशी धरून, नजर फरशीकडे. एरवी दादा तिसऱ्या मजल्यावर फिरकायचे नाहीत. वर वही आणायचं काम मावशींचं.

"तुम्ही वर्गावर नव्हता असं सांगतो मी खाली," ते हळूच म्हणाले. "तुमची सही राहू द्या, मॅडम."

"द्या इकडे, दादा."

शाळेचा नियमच होता. नोटीस आली की वर्गावर असेल त्या शिक्षकाने ती मुलांना मोठ्याने वाचून दाखवायची आणि समासात सही करायची. सही राहिली की संध्याकाळी सुपरवायझर बाई बोलावून घेणार. त्यांना सगळी शाळा पाठीमागे 'कडक इस्त्री' म्हणत असे. कपड्यांमुळे म्हणत की स्वभावामुळे, हे कुणी कधी स्पष्ट केलं नव्हतं. नऊ वर्षांत गणिताच्या मॅडमची सही एकदाही राहिली नव्हती. तिने वही उघडली आणि बाकीच्या नोटिसा वाचायची त्याच आवाजात वाचली.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या शाळेच्या ज्येष्ठ सेविका, सर्वांच्या लाडक्या मावशी, यांचे गेल्या बुधवारी अल्पशा आजाराने निधन झाले. सोमवारी परिपाठात दोन मिनिटे मौन पाळण्यात येईल. विद्यार्थ्यांनी शांतता राखावी. त्याच दिवशी सहलीचे संमतिपत्र आणणे."

मग तिने समासात सही केली. दादांनी वही घेतली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण समोर बेचाळीस मुलं बसलेली. त्यांनी तोंड मिटलं आणि ते चौथ्या मजल्याकडे निघाले. ती फळ्याकडे वळली. भागाकाराचा गुणाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा करायचा असतो, हे तिने पुन्हा एकदा सांगितलं.

मावशी तिची आई होती.

शाळेत दोन वह्या असतात, एक नोटिशीची आणि एक शिक्षकांच्या रजेची. नोटिशीच्या वहीत त्या आठवड्यात सेविका गेली होती. रजेच्या वहीत, चार पानं मागे, गणिताच्या मॅडमची पाच दिवसांची रजा होती आणि कारण म्हणून लिहिलं होतं, 'मातृशोक'. दोन वह्यांत एकच बाई दोनदा मेली होती, आणि दोन्हींवर सही कडक इस्त्रीचीच होती.

झालं होतं असं. आई या शाळेत आली तेव्हा लेक दुसरीत होती, आणि ती दुसऱ्या, बिनफीच्या शाळेत जायची. इथली फी आईला परवडायची म्हणजे आईने स्वतःलाच विकायला हवं होतं, आणि तरी वरून थोडे घालावे लागले असते. लेक शिकली, गणितात पदवी घेतली, मग शिक्षणशास्त्राची. या शाळेत जागा निघाली तेव्हा अर्ज आईनेच आणून ठेवला, मोठ्या मॅडमच्या टेबलावर, सगळ्यांत वर. मोठ्या मॅडम म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी मुलाखत घेतली, निवड केली, आणि नेमणुकीचं पत्र हातात देण्याआधी मायलेकींना एकत्र बोलावलं. लेकीला खुर्ची दिली. आई उभी राहिली.

"हे बघा, आम्हाला काही वाटत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "पण आपले पालक कसे आहेत, ते मावशी, तुम्हाला माहीतच आहे. आपल्या मुलाला शिकवणारी बाई कोणाची कोण, हे ते विचारतात. तेव्हा शाळेत तुम्ही लेकीला मॅडम म्हणायचं. आणि तुम्ही यांना मावशी. घरी काय ते तुमचं."

लेक काही बोलायच्या आत आई म्हणाली, "त्यात काय एवढं? सगळी शाळा मला मावशी म्हणते, ही कोण लागून गेली?"

बाहेर आल्यावर जिन्यात आईने तिला कोपराने ढोसलं. "तोंड का पाडतेस गं? सहा तास मावशी, अठरा तास आई. हिशेब कर की. गणिताची ना तू?"

पहिली दोन वर्षं त्याची मजाच होती. संध्याकाळी घरी आल्यावर आई दारात ताठ उभी राहायची आणि मान झुकवून म्हणायची, "मॅडम, चहा आणू का? बिनसाखरेचा, का माणसासारखा?" रात्री अंथरुणात कडक इस्त्रीची नक्कल करायची. स्टाफरूममध्ये कोण कोणाच्या डब्यात हात घालतं, कोणत्या सरांनी प्रश्नपत्रिका कुठून जशीच्या तशी उतरवली, हे सगळं आईला माहीत असायचं, कारण जिच्या हातात झाडू असतो तिच्यासमोर माणसं भिंतीसमोर बोलावं तशी बोलतात. 'आपण दोघी मिळून ही शाळा विकून खाऊ', असं आई म्हणायची.

मग मजा कधी संपली, ते नेमकं सांगता यायचं नाही. दोघी सकाळी एकाच घरातून निघायच्या, पण चौकातून वेगळ्या व्हायच्या. आई मागच्या गल्लीने, ती मोठ्या रस्त्याने. पालकसभेच्या दिवशी आई तिच्या मजल्यावर यायचीच नाही. एकदा सुट्टीच्या दिवशी ती खोलीत वह्या तपासत बसली होती, तर दारावर टकटक झाली. आई दार ढकलून बाहेरच उभी. "येऊ का आत?" आपल्याच घरात. ती हसली, म्हणाली, "काय गं आई, नाटकं!" पण आई हसली नाही. आपण टकटक केली हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यानंतर आई दार वाजवूनच येऊ लागली, आणि तिनेही कधीतरी "या" म्हणायला सुरुवात केली. सवय म्हणजे पायातला जोडा. सुरुवातीला चावतो, मग तोच पायाचा आकार ठरवतो.

स्टाफरूमला सगळं ठाऊक होतं, पण उघड्या गुपितावर झाकण ठेवायला माणसं किती तत्पर असतात! तिच्यासमोर कुणी 'तुमची आई' म्हणायचं नाही. चहाचा ट्रे घेऊन आई आली की सगळे एकदम परीक्षेच्या वेळापत्रकावर बोलू लागायचे. आई एकेकाच्या पुढ्यात कप ठेवत जायची. तिच्या पुढ्यातही. "मॅडम, घ्या." "ठेवा, मावशी."

त्या बुधवारी पाचव्या तासाला सातवी 'ब'मधल्या एका मुलाने बाकावरच उलटी केली. वास सुटला, पोरं नाकं धरून ओरडू लागली. तिने मॉनिटर मुलीला खाली पाठवलं, मावशींना बादली घेऊन बोलाव म्हणून. लिफ्ट होती, पण तिची किल्ली ऑफिसात आणि ती पाहुण्यांसाठी. पाच मिनिटं गेली, सात गेली. तास संपत आला होता आणि उदाहरण अर्धं राहिलं होतं. ती दाराबाहेर आली आणि कठड्यावरून खाली वाकून तिने हाक मारली, "मावशी! लवकर!"

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर आई होती. एका हातात बादली, दुसऱ्याने कठडा धरलेला. तिने वर पाहिलं.

"आले मॅडम," ती म्हणाली. आणि बसली. बसली असंच वाटलं सगळ्यांना. बादली मात्र खालपर्यंत गेली.

लेक धावली. तिसऱ्या मजल्यावरचे चारही वर्ग बाहेर येऊन बघत होते. तिने आईचं डोकं उचललं, गाल थोपटले, आणि त्या क्षणी तिच्या तोंडून जो शब्द निघाला तो हाच, "मावशी! अहो मावशी!" तिने तो निवडला नव्हता. नऊ वर्षांत त्या इमारतीत तिच्या जिभेवर दुसरा शब्दच उरला नव्हता. आईचे ओठ हलले. पुन्हा 'आले'च म्हणत असावी.

रुग्णवाहिका आली. कडक इस्त्री म्हणाली, "मॅडम, सातवी 'ब'वर कोणीच नाहीये. बदली शिक्षक मिळेपर्यंत थांबा. दादा जातील बरोबर." चार वर्ग बघत होते. ती थांबली. वीस मिनिटं. वर्ग ताब्यात देऊन ती रिक्षाने पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. टेबलावर दवाखान्याचा फॉर्म पडला होता. रुग्णासोबत आलेल्या व्यक्तीचं नाव दादांचं, आणि 'नातं' या रकान्यात दादांनी बिचाऱ्यांनी खरं ते लिहिलं होतं: 'एकत्र काम करतो'.

म्हणून आता तिला एकच गोष्ट हवी होती. सोमवारी परिपाठात सगळ्या शाळेसमोर उभं राहून एकदा म्हणायचं, की ही माझी आई होती. त्याच इमारतीत, त्याच तोंडाने. बाकी काही नाही.

नोटीस आली त्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती मोठ्या मॅडमकडे गेली.

"भावना समजू शकते मी तुमची," मोठ्या मॅडम म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं. "पण मुलं गोंधळतील हो. आणि प्रवेशाचे दिवस आहेत. नऊ वर्षं झाकलेलं आता उघडून काय मिळणार आहे? गेलेलं माणूस परत येतं का?"

"नाही येत."

"मग?"

"मला बोलायचंय. एक वाक्य."

"एक वाक्य म्हणता, मग त्याला फाटे फुटतात. लपवलं का, कोणी लपवायला लावलं. शाळेचं नाव खराब होतं. तुम्ही सुज्ञ आहात." त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "पाहिजे तर आणखी दोन दिवस रजा घ्या. सोमवारी नाही आलात तरी चालेल."

म्हणजे मौन पाळायचं ते घरी बसून पाळा. ती उठली. स्टाफरूममध्ये तिने कुणाला काही सांगितलं नाही, पण भिंतींना कान असतात, आणि या शाळेच्या भिंतींना तर पगारी कान होते. दोन तासांत सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शाळा सुटताना तिला पुन्हा बोलावणं आलं. या वेळी मोठ्या मॅडम खुर्चीतून उठून दारापर्यंत आल्या.

"ये, ये बाळा. बस. अगं, मी साहेबांच्या कानावर घातलं तुझं." साहेब म्हणजे संस्थेचे मालक. ते वर्षातून तीनदा यायचे, तेव्हा कुंड्या विकत आणल्या जायच्या. "त्यांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, सेविकेची लेक त्याच शाळेत शिक्षिका होते, ही गोष्ट तुम्ही इतकी वर्षं लपवून ठेवलीत? अहो, हेच तर आपल्या शाळेचे संस्कार! माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर यायला पाहिजे, म्हणाले. सोमवारी ते स्वतः येतायत. फोटोवालाही येतोय."

बाजूला पाल्हाळ सर उभे होते. ते भाषा शिकवत आणि शाळेतली सगळी भाषणं लिहीत. वाढदिवस, निरोप, श्रद्धांजली, जे लागेल ते. त्यांनी दोन पानं पुढे केली. "मनापासून लिहिलंय," ते म्हणाले. "तुम्हाला जिथे रडू येईल तिथे थांबायला जागा सोडलीय."

तिने वाचलं. 'या शाळेच्या छत्राखाली माझी आई फुलली आणि मी घडले. मोठ्या मॅडम आमच्या पाठीशी माऊलीसारख्या उभ्या राहिल्या.' असं दोन्ही पानं.

"यात अट कुठेय?" तिने विचारलं.

"कसली अट?" पाल्हाळ सरांनी मोठ्या मॅडमकडे पाहिलं.

"शाळेत आईला काय म्हणायचं नि काय नाही, ती."

"अगं, शुभ बोलावं अशा वेळी," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "आणि हो, एक राहिलंच. मावशींचा तो निळा एप्रन, तो हातात घेऊन उभी राहशील का? फोटोत छान दिसेल. आणशील ना घरून?"

"तो घरी नाहीये. शाळेचा होता. स्टोअरमध्ये जमा केला मी."

मोठ्या मॅडमनी घंटा दाबली. दादा आले. "मावशींचा एप्रन?"

"तो नवीन मावशींना दिला, मॅडम. कालपासून त्याच घालतायत."

"मग त्यांच्याकडून तासाभरापुरता मागून घ्या. धुऊन, इस्त्री करून." आणि तिच्याकडे वळून, अगदी मायेने, "बघ, सगळं जमतंय."

तिला हसू आलं. आई असती तर या एप्रनवर रात्रभर नकला चालल्या असत्या. तिने दोन्ही पानं टेबलावर ठेवली.

"मी वाचणार नाही."

"अगं, कालच तर तू स्वतः—"

"काल मला माझं वाक्य बोलायचं होतं. हे तुमचं आहे."

मोठ्या मॅडमचा चेहरा क्षणभर पूर्वीसारखा झाला. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे. जबरदस्ती नाही. दुसरं कोणी वाचेल."

ती बाहेर पडली. दादा पाठोपाठ जिन्यापर्यंत आले.

"बरं केलंत," ते म्हणाले. "पण मॅडम, एक सांगू? राग नका मानू. त्या फॉर्मवर मी नातं लिहिलं तेव्हा पेन थांबलं होतं माझं. 'हिची लेक वर वर्गात आहे' असं लिहायचं होतं. मग वाटलं, तुमची अडचण होईल."

दादांवर रागवायला ती कोण? त्यांनी नियम पाळला होता, तिच्यासारखाच.

सोमवारी साहेब आले, कुंड्या आल्या. दोन मिनिटांचं मौन साधारण पन्नास सेकंदांत आटोपलं. मग पाल्हाळ सर माइकसमोर गेले. त्यांनी भाषण नव्याने लिहायचा कंटाळा केला होता. तिच्या तोंडी घातलेली वाक्यं ते स्वतःच वाचत होते आणि जागच्या जागी दुरुस्त करत होते. "या शाळेच्या छत्राखाली माझी आई, म्हणजे त्यांची आई, आपल्या सर्वांच्या मावशी, ज्या आपल्या गणिताच्या मॅडमच्या मातोश्री होत्या..." मैदानावर कुजबुज उठली. शेकडो माना तिच्याकडे वळल्या. ती सातवी 'ब'च्या रांगेशेजारी उभी होती. शेवटी टाळ्या पडल्या. कुठल्याही भाषणानंतर टाळ्या वाजवायच्या अशी मुलांना शिस्त होती. नवीन मावशी जिन्याजवळ साध्या कपड्यांत अवघडून उभ्या होत्या. इस्त्री केलेला एप्रन स्टेजवरच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला होता, आणि फोटोवाला वाकून त्याचा फोटो घेत होता.

म्हणजे झालं. जे एक वाक्य तिला हवं होतं, तेही दुसऱ्याच्याच तोंडून बाहेर पडलं.

पहिला तास तिचाच होता. वर्गात शिरताच मुलं उभी राहिली, आणि 'बसा' म्हटल्यावर खाली बसताना एकाही बाकाचा आवाज झाला नाही. तिने खडू उचलला. मॉनिटर मुलगी मात्र उभीच होती.

"काय गं?"

"मॅडम, खरंच त्या तुमच्या आई होत्या?"

"हो."

"सख्ख्या?"

"सख्ख्या."

मुलीने खाली पाहिलं, मग शेजारणीकडे, मग परत तिच्याकडे. रडेल असं वाटत होतं, पण रडली नाही. तिला काहीतरी ओकून टाकायचं होतं, आणि ते दहा-बारा दिवस तिच्या पोटात होतं.

"मॅडम, त्या दिवशी तुम्ही मला खाली पाठवलंत ना, तेव्हा म्हणालात, जाऊन बघ कुठे मेलीय ती, कामाच्या वेळीच नेमकी गायब असते."

वर्गात सगळ्यांनीच ऐकलेलं होतं ते. तेव्हा काही जण हसलेही होते, कारण मॅडम विनोद क्वचितच करायच्या.

"मी खाली जाऊन त्यांना तसंच सांगितलं," मुलगी म्हणाली. "शब्दन् शब्द. तुम्हीच म्हणता ना, निरोप जसाच्या तसा द्यायचा. मला माहीत नव्हतं, मॅडम, की त्या..."

तिच्या हातातला खडू तसाच राहिला. आपण असं म्हणालो होतो, हे तिला आठवत नव्हतं असं नाही. स्टाफरूममध्ये सगळेच मावशींबद्दल असं बोलायचे, आणि तीही बोलायची; थोडं जास्तच, म्हणजे कुणाला शंका यायला नको. ते खाली पोहोचलं असेल, हे मात्र तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

"त्या काय म्हणाल्या?" तिने विचारलं.

"काहीच नाही. त्या खुर्चीत बसल्या होत्या, छातीवर हात ठेवून. मी सांगितल्यावर उठल्या. दादा म्हणाले, थांबा, मी जातो. तर त्या म्हणाल्या, नको, मॅडमनी मला बोलावलंय."

बाहेर मैदानात खुर्च्या उचलल्याचा आवाज येत होता.

"मॅडम, तुम्ही तसं म्हणाला होतात ना? मी खोटं नाही ना सांगितलं?"

"नाही," ती म्हणाली. "मी तसंच म्हणाले होते. बस खाली."

मुलगी बसली. आणखी कुणाला काही विचारायचं असेल, म्हणून ती फळ्याकडे पाठ करून थोडा वेळ तशीच उभी राहिली. कुणाला काहीच विचारायचं नव्हतं.